आजीचं गीत, वेल्किन आणि नांगरट्या पोराची चाल

आमच्या चर्चच्या नव्या गीतपुस्तकात माझ्या आजीचं आवडतं गीत सापडलं नाही. ही गाळागाळ ठरवतं तरी कोण?

बहुतेक चर्चेसमध्ये समिती नेमतात. तिच्यात पाळक असतात, गायकवृंद चालवणारे असतात, धर्मशास्त्राचे जाणकार असतात आणि नुसते गाणारे सभासदही. जुनं पुस्तक एकेक गीत करून वाचलं जातं. हे कोणी गातं का? यातला विचार आज आपल्याला पटतो का? चाल साध्या गळ्याला झेपते का? मग मतदान.

पण मतदानाने सगळं मिटतंच असं नाही. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचं १९८९ चं पुस्तक तयार होत असताना समितीने ‘ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स’ वगळायचं ठरवलं, कारण त्यात लढाईची भाषा फार. ही बातमी १९८६ मध्ये फुटली आणि निषेधाची हजारो पत्रं आली. समितीने निर्णय फिरवला, गीत आज पुस्तकात आहे. तेव्हा आजीच्या गीतासाठी एक पोस्टकार्ड टाकायला हरकत नाही.

जुन्या कवींचे शब्द बदलणं हा त्यांचा अपमान नाही का?

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांना तसंच वाटायचं. १७८० च्या मेथडिस्ट गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी बजावलं होतं की, आमची गीतं खुशाल छापा, पण सुधारू नका. ते तुम्हाला जमायचं नाही. गंमत म्हणजे इतरांच्या गीतांवर स्वतः वेस्लींनी बिनदिक्कत कात्री चालवली होती.

नाताळात जगभर गातात ते ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ घ्या. जॉन यांचे भाऊ चार्ल्स यांनी १७३९ मध्ये लिहिलेली ओळ वेगळीच होती: ‘हार्क, हाऊ ऑल द वेल्किन रिंग्ज’. वेल्किन म्हणजे आकाश. शब्द तेव्हाही जुनाट. धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफिल्ड यांनी १७५३ मध्ये तिथे देवदूत आणले आणि ते लोकांच्या तोंडी बसले. पुढे ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या इंग्लंडमधल्या पुस्तकाच्या १९०४ च्या आवृत्तीने प्रामाणिकपणे मूळ वेल्किन परत आणलं. लोकांनी थट्टा केली, आवृत्ती पडली. मूळ शब्द बरोबर असतीलही, पण दीडशे वर्षं गायलेल्या ओळीला धक्का लावायचा तर जपून.

हयात कवीची गोष्ट निराळी, तो नाही म्हणू शकतो. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या २०१३ च्या पुस्तकासाठी ‘इन ख्राइस्ट अलोन’ हवं होतं, पण क्रुसावर ‘देवाचा क्रोध शांत झाला’ या आशयाच्या ओळीऐवजी समितीला ‘देवाची प्रीती थोर ठरली’ असं हवं होतं. कवींनी परवानगी नाकारली. नऊ विरुद्ध सहा मतांनी गीत बाहेर. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी सरळ वागल्या.

इंग्रजी गीतांखाली ८.६.८.६ असे आकडे असतात. ते कशाचे?

ओळीतल्या अक्षरांचे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत बोटांवर मोजा: अ-मे-झिंग-ग्रेस-हाऊ-स्वीट-द-साउंड, आठ. दॅट-सेव्ह्ड-अ-रेच-लाइक-मी, सहा. आकडे जुळले की एका गीताला दुसऱ्याची चाल चढवता येते. आपल्याकडे पदावर ‘चाल : अमुक’ लिहितात तसंच. जॉन न्यूटन यांचं हे गीत १७७९ मध्ये छापलं गेलं, पण आज आपण ओळखतो ती चाल त्याला १८३५ मध्ये एका अमेरिकन पुस्तकात जोडली गेली.

मराठीत मात्र नुसती अक्षरं मोजून भागत नाही. या चालीत जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. ‘कृपा’ छान बसतं. ‘तारक’ घातलं की ‘ता’ उरकला जातो आणि बिचारा ‘र’ लांबतो: तरा-क. पेटीवर बसून हे अनेकदा सोसलंय. ना. वा. टिळकांची अभंग-ओवीच्या वळणाची गीतं तोंडात कशी सहज बसतात ते अशा वेळी कळतं.

गीतपुस्तकाचा संगीत-संपादक श्रद्धावान असलाच पाहिजे का?

‘इंग्लिश हिम्नल’ (१९०६) या अँग्लिकन पुस्तकाच्या चाली संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी निवडल्या, आणि ते तरुणपणी नास्तिक होते. काम दोन महिन्यांचं सांगितलेलं, लागली दोन वर्षं. सरेतल्या फॉरेस्ट ग्रीन गावी ऐकलेल्या, नांगरट्या पोराच्या गाण्याची चाल त्यांनी ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ला दिली, इंग्लंडात ते अजून त्याच चालीवर गातात. लोकांच्या लाडक्या पण त्यांना गुळचट वाटणाऱ्या चाली टाकून देणं काही शक्य नव्हतं. त्या त्यांनी शेवटी परिशिष्टात ढकलल्या, आणि त्या परिशिष्टाला ते गमतीने ‘चेंबर ऑफ हॉरर्स’, म्हणजे भयाचं दालन, म्हणायचे.