माळ्यावरून उतरलेला रिसीव्हर

या वेळच्या पत्रांत बहुतेक प्रश्न १९७०च्या दशकातल्या स्टिरिओ रिसीव्हरचे आहेत. ट्यूनर (रेडिओ), प्रीॲम्प (सिग्नल निवडून तयार करणारा) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा) एकाच पेटीत सामावलेली ही यंत्रं दुरुस्त करता यावीत अशाच बेताने बांधलेली असायची. झाकणाचे चार-सहा स्क्रू काढले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. माझा त्यांच्यावर जीव आहे तो यामुळेच. घाईच्या दुरुस्तीत एखादा चांगला रिसीव्हर कायमचा गेल्याचं वाचलं की फार वाईट वाटतं. म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो आहे.

प्रश्न : वडिलांचा रिसीव्हर वीस वर्षं माळ्यावर पडून होता. खाली काढून पुसला. आता प्लग लावून पाहू का? मित्र म्हणतो, व्हेरिॲकने, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, ते हळूहळू वाढव.

थेट लावू नका. आधी मागची पट्टी वाचा. १००, १२० किंवा २२०-२४० व्होल्ट, यांपैकी काय लिहिलंय ते तुमच्या घरच्या पुरवठ्याशी जुळायला हवं. काही मॉडेलांना मागे किंवा आत व्होल्टेज बदलायचा सिलेक्टर असतो. तो पूर्वीच्या मालकाने कुठे ठेवलाय हे डोळ्यांनी बघा, गृहीत धरू नका. मग फ्यूज काढून त्यावरचा आकडा पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली किंवा दुप्पट अँपिअरचा फ्यूज सापडला, तर याआधी कोणीतरी बिघाड दाबून ठेवलाय हे नक्की.

झाकण काढल्यावर नुसतं बघा आणि वास घ्या. काळवंडलेला रेझिस्टर, डोकं फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), बुडाशी पाझरलेला द्रव, तुटलेला सोल्डरचा जोड, अर्ध्याअधिक खुणा इथेच मिळतात.

त्यानंतर सिरीज बल्ब. रिसीव्हरच्या फेज वायरमध्ये तारेचा, म्हणजे फिलामेंटचा बल्ब जोडायचा. छोट्या रिसीव्हरला ६० वॅटचा, मोठ्याला १०० वॅटचा. एलईडी किंवा सीएफएल इथे निरुपयोगी, कारण सगळी करामत फिलामेंटची आहे. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स तापल्यावरच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका असतो. रिसीव्हर ठीक असेल तर तो कमी करंट घेतो, बल्ब थंड राहतो आणि बहुतेक व्होल्टेज रिसीव्हरला मिळतं. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. स्विच लावल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला, तर मोठे कपॅसिटर भरले आणि सगळं शांत आहे असं समजा. लख्खच राहिला तर लगेच बंद करा. आधी मंद होऊन मग हळूहळू उजळत गेला, तर आत काहीतरी तापत चाललंय. या चाचणीत व्होल्टेज थोडं कमी मिळत असल्याने स्पीकरचा रिले, म्हणजे सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणारा विजेवर चालणारा स्विच, कधीकधी 'टक्' करत नाही. तेवढ्यावरून तो बिघडला असं ठरवू नका.

व्हेरिॲक वाईट नाही, पण तो बिघाड दाखवत नाही. त्याच्याबरोबर ॲमीटर हवा. शिवाय अर्ध्या व्होल्टेजवर बराच वेळ ठेवलेली रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारी) सप्लाय विचित्र वागू शकते. माझं मत सिरीज बल्बच्या बाजूने आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बल्ब रिसीव्हरला वाचवतो, तुम्हाला नाही. पॉवर स्विच, फ्यूज होल्डर आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी यांवर पूर्ण मेन्स असतो. व्हेरिॲकनेही तुम्ही मेन्सपासून वेगळे होत नाही. चालू यंत्रात मोजताना एक हात पाठीमागे ठेवा. बंद केल्यावरही १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० व्होल्टला भरलेला असू शकतो. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर त्याच्या टोकांना मिनिटभर लावून तो रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडू नका. त्याने कपॅसिटरचं टर्मिनल जळतं आणि धातूचे कण उडतात.

प्रश्न : हळू आवाजात डावा चॅनेल जातो. व्हॉल्यूम एकदम वाढवला की परत येतो. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) बदलला, तरी तेच.

पॉट बदलायची गरज नव्हती. आवाज वाढवल्यावर चॅनेल परत येतो, ही स्पीकर प्रोटेक्शन रिलेच्या काळ्या पडलेल्या संपर्कांची खूण आहे. संपर्कावर बसलेला पातळ थर बारीक सिग्नलला भेदता येत नाही, मोठा सिग्नल तो फोडून जातो. खात्री करणं सोपं आहे. स्पीकर जोडून हळू आवाजात गाणं लावा, मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि रिलेच्या त्या संपर्काच्या दोन टोकांमध्ये मोजा. चांगल्या संपर्कावर जवळपास शून्य येतं. आकडा हलताना दिसला तर दोषी सापडला.

रिलेला पॉलिश पेपर लावू नका. संपर्कावरचा मुलामा निघाला की काही महिन्यांत पुन्हा तेच. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांमधून ओढली तर तात्पुरतं भागतं. खरा उपाय नवा रिले. कॉइलचं व्होल्टेज तेच, संपर्कांचं रेटिंग तेवढंच किंवा जास्त, आणि पायांची मांडणी जुळणारी हवी.

रिले निर्दोष निघाला तर स्पीकर ए-बी स्विच बघा, त्यालाही हाच आजार होतो. मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतील तर त्या काढून, पुसून परत बसवा. आणि दोन्ही चॅनेल अगदी मुके असतील तर आधी 'टेप मॉनिटर'चं बटण दाबलेलं नाही ना ते पाहा. ते दाबलं की रिसीव्हर टेपडेककडून सिग्नलची वाट बघत बसतो. या एका बटणापायी कितीतरी चांगले रिसीव्हर बिघडलेले म्हणून उघडले गेले आहेत.

खरखरीसाठी वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, थोडासा पॉटच्या आत सोडा आणि नॉब वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बिजागऱ्यांवर मारायचा गंजरोधक स्प्रे नको. ट्यूनिंगच्या पात्यांच्या कपॅसिटरवर तर कुठलाही तेलकट स्प्रे उडू देऊ नका, स्टेशनं जागची हलतात.

प्रश्न : कपॅसिटरचं किट आणून एका बैठकीत ६२ कपॅसिटर बदलले. आता रिसीव्हर उजळतो, पण रिले लागतच नाही. आधी निदान वाजत तरी होता.

तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण चूक हाताची नाही, क्रमाची आहे. आधी यंत्र सोडवू. रिले न लागणं म्हणजे प्रोटेक्शन सर्किटला आउटपुटवर डीसी दिसतोय, किंवा ते सर्किट स्वतःच आजारी आहे. स्पीकर काढा, परत सिरीज बल्ब लावा. आधी धन आणि ऋण सप्लाय मोजा, दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मग प्रत्येक चॅनेलचा आउटपुट रिलेच्या *आधी* मोजा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरांना जोडलेले एमिटर रेझिस्टर जिथे एकत्र येतात तिथे. एका चॅनेलवर कित्येक व्होल्ट डीसी असेल तर चूक त्याच बोर्डावर आहे. दोन्ही शून्याजवळ असतील तर प्रोटेक्शनच्या बोर्डावर बदललेले कपॅसिटर तपासा.

सगळ्यात आधी संशय उलट्या लागलेल्या कपॅसिटरचा घ्या. जुन्या बोर्डांवर छपाईची पद्धत एकसारखी नसते. कुठे भरीव रंगवलेली बाजू ऋण, तर कुठे नुसतं अधिक चिन्ह. म्हणून जुना भाग काढण्याआधी घेतलेला फोटो हाच खरा पुरावा. काही जागी बायपोलर (धन-ऋण बाजू नसलेले) कपॅसिटर असतात, तिथे साधा बसला का तेही बघा. आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटून आली असेल, तर वरून सुबक दिसणारा जोड खालून तुटलेला असतो.

पुढच्या वेळी एका दिवशी एकच बोर्ड घ्या. तो झाला की चालू करा, व्होल्टेज मोजा, ऐका, मगच पुढे जा. ६२ बदल एकदम केले की बिघाडाच्या ६२ जागा तयार होतात. एकेक बोर्ड करत गेलात तर चूक झाल्या दिवशीच सापडते.

सगळे बदलायलाच हवेत असंही नाही. मोठे फिल्टर कपॅसिटर अनेकदा अजून ठणठणीत असतात. सप्लायवर एसी रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, मोजा. स्पीकरमधली गुणगुण जाड असेल आणि व्हॉल्यूम शून्यावर आणूनही तेवढीच राहत असेल, तर फिल्टरकडे वळा. फुल-वेव्ह रेक्टिफायरचा रिपल मेन्सच्या दुप्पट, म्हणजे ५० हर्ट्झवर १०० हर्ट्झचा असतो. गुणगुण व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती पॉटच्या आधीच्या भागातून येतेय. आधी बदलावेत ते तापणाऱ्या रेझिस्टरशेजारचे छोटे कपॅसिटर. व्होल्टेज रेटिंग तेवढंच किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअसचे. सिग्नल एका टप्प्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या, १ मायक्रोफॅरडच्या आसपासच्या कपलिंग कपॅसिटरच्या जागी फिल्म कपॅसिटर उत्तम.

कपॅसिटरखाली तपकिरी पडलेला गोंद दिसला तर तो मात्र खरवडून काढाच. बसवला तेव्हा तो फिकट होता. वर्षानुवर्षं तापून तो काळपट होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या तारा खातो. आणि तेल तडतडावं तसा आवाज येत असेल तर कपॅसिटर बदलून तो जाणार नाही. तो बहुधा जुन्या ट्रान्झिस्टरांचा असतो. २एसए७२६ किंवा २एससी४५८ यांचं नाव त्यासाठीच निघतं. फ्रीझ स्प्रेचा एकेक थेंब एकेका ट्रान्झिस्टरवर सोडला की आवाज बदलतो आणि दोषी कळतो. पर्यायी ट्रान्झिस्टर लावताना पायांचा क्रम डेटाशीटवरून ताडून पाहा. जपानी भागांत तो बहुधा एमिटर-कलेक्टर-बेस असतो, इतरांत वेगळा.

प्रश्न : स्पीकरच्या टर्मिनलवर डाव्या बाजूला ३८ आणि उजव्या बाजूला १४० मिलिव्होल्ट डीसी येतो. बायसही ॲडजस्ट करू का?

डावा ठीक आहे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर मी हात लावत नाही. १०० च्या वर गेला की कारण शोधतो. हे मोजमाप दहा-पंधरा मिनिटं यंत्र तापल्यावर, व्हॉल्यूम शून्यावर आणि स्पीकर काढून घ्यायचं. उजवीकडे ऑफसेटचा, म्हणजे हा नको असलेला डीसी कमी करायचा, ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) असेल तर तो आधी साफ करा, मग फिरवा. ट्रिमर नसेल तर सुरुवातीच्या जोड-ट्रान्झिस्टरांतला एक दुसऱ्यापासून दूर गेलाय, किंवा त्यांच्याजवळचा रेझिस्टर सरकलाय.

बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा करंट, ही वेगळी गोष्ट, आणि सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा हाती नसेल तर त्याला हात लावू नका. तो एमिटर रेझिस्टरच्या टोकांवर मिलिव्होल्टमध्ये मोजतात. ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर. जुना ट्रिमर फिरवताना त्याचा संपर्क क्षणभर सुटला तर काही सर्किटांत बायस एकदम आकाशाला भिडतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. म्हणून यंत्र बंद असताना तो साफ करा, किंवा सरळ नवा बसवा. मीटरच्या तारा क्लिपने पकडवा. चालू रिसीव्हरमध्ये हाताने धरलेली प्रोब निसटून मी एकदा एक चॅनेल ड्रायव्हरसकट गमावला आहे. तेव्हापासून क्लिपशिवाय मी मोजत नाही.

प्रश्न : जपानी बाजारासाठीचा रिसीव्हर मिळालाय. एफएमवर फार थोडी स्टेशनं लागतात. ट्यूनर बिघडलाय का?

नाही. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि त्या काळी ९० ला संपत असे, त्यामुळे ८८ ते १०८ च्या पट्ट्यातलं जेमतेम टोक त्याला लागतं. कॉइलचे गाभे फिरवून तो वर सरकवायला जाऊ नका, साधनांशिवाय पूर्ण अलाइनमेंट, म्हणजे ट्यूनरच्या सर्किटांची जुळवणी, जाईल. तसा रिसीव्हर १०० व्होल्टचाही असतो. त्याची वीज-खप पाहून त्याहून मोठ्या क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा.

प्रश्न : पट्टीवर ५० वॅट लिहिलंय. खरंच तेवढा देतो का, घरी कसं कळेल?

स्पीकर लावून नाही. प्रत्येक चॅनेलला ८ ओहम, १०० वॅटचा ॲल्युमिनियमच्या कवचातला रेझिस्टर लावा, आणि तो हीटसिंकवर आवळा. नाहीतर १०० वॅटचा आकडा नुसता लिहिण्यापुरता राहतो. फोनमधून साइन लहर 'ऑक्स'ला द्या, 'फोनो'ला नको. फोनोचा इनपुट काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी असतो. अनेक साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर खरे बोलत नाहीत, तेव्हा लहर २०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम हे गणित. ८ ओहमवर २० व्होल्ट म्हणजे ५० वॅट. ऑसिलोस्कोपवर लहरीची शेंडी कापली जाण्याच्या आधीचा आकडा धरा. स्कोप नसेल तर निकाल ढोबळ समजा, कारण कापलेल्या लहरीतही मीटर आकडा वाढवत नेतो. पूर्ण जोरावर काही सेकंदच थांबा.

१९७४ च्या आधीच्या यंत्रांचे आकडे जरा सावधपणे वाचा. त्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॅटच्या जाहिरातींसाठी नियम आणला आणि चाचणीआधी तासभर एक-तृतीयांश जोरावर यंत्र तापवण्याची अट घातली. त्यापूर्वी जाहिरातींत फुगवलेले 'म्युझिक पॉवर'चे आकडे सर्रास असत. नंतर मात्र स्पर्धा खऱ्या वॅटची झाली. १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० वर चॅनेलमागे २७० वॅट लिहिले होते.

प्रश्न : डायलची काच आतून धुरकट झालीय. कशाने पुसू?

बाहेरची बाजू ओल्या मऊ फडक्याने पुसा. आतल्या बाजूला, जिथे आकडे छापलेत, अल्कोहोल किंवा अमोनियाचा काचेचा क्लीनर अजिबात लावू नका. एका पुसण्यात स्टेशनांचे आकडे फडक्यावर येतात आणि ते परत छापून मिळत नाहीत. तिथे कोरडा मऊ ब्रश फिरवा. धूर तेवढ्याने गेला नाही तर आकड्यांच्या मधली मोकळी जागा पाण्याने जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, आणि आकड्याची कड जवळ आली की थांबा.