तुझी बोटं स्लो नाहीयेत, घोळ तार बदलताना होतोय

हाय,

आधी एक गोष्ट, सर नको म्हणूस. दादा म्हण, काका म्हणालीस तरी वयाप्रमाणे खपून जाईल, पण सर म्हटलं की मला हजेरी घ्यावीशी वाटते.

तुझं इलेक्ट्रिक गिटारचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. दोनदा नॉर्मल आणि एकदा अर्ध्या स्पीडला, आणि खरं काय ते त्या तिसऱ्या वेळी कळलं. तू लिहिलंयस की सहा महिने रोज मेट्रोनोम, तो लयीचे ठोके देणारा, मिनिटाला 5-5 ठोक्यांनी वाढवतेस आणि 140 च्या जवळ आलं की सगळं विस्कटतं, म्हणजे बोटं स्लो आहेत. अगं, नाहीयेत. एकाच तारेवर वाजवतेस तेव्हा 140 ला सिक्स्टीन्थ, ठोक्याला चार नोट्स, म्हणजे सेकंदाला नऊच्या वर नोट्स अगदी स्वच्छ निघतायत, ऐक परत. घाण होते ती फक्त तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना (सगळ्यात बारीक ती पहिली), दर वेळी तिथेच.

का ते सांगतो. तू प्रत्येक तारेवर तीन नोट्स घेतेस आणि पिकिंग अल्टरनेट, म्हणजे पिक (तार छेडायची ती छोटी चकती) एकदा खाली एकदा वर, डाउन अप डाउन. शेवटच्या डाउनला पिक तिसरी आणि दुसरी तार यांच्या मधे येऊन थांबतं. पुढची नोट दुसऱ्या तारेवर अप आहे, म्हणजे पिक दुसरीच्या पलीकडे असायला हवं. झाली ना पंचाईत, आता दुसरी तार ओलांडून उडी मारायची. हळू वाजवताना या उडीला भरपूर वेळ असतो त्यामुळे काही कळत नाही, 80 ला कुठलीही हालचाल चालते, चुकीची पण. आणि म्हणूनच ते "हळू वाजव, स्पीड आपोआप येईल" हे सगळे सांगतात ना ते अर्धंच खरं आहे, तू सहा महिने हळू वाजवून जी हालचाल पक्की केलीस ती फास्ट होऊच शकत नाही. चालणं कितीही भरभर केलं तरी त्याचं पळणं होत नाही तसंच.

मग काय करायचं? पिक थोडं तिरकं धर, मनगट असं ठेव की अपस्ट्रोक संपताना पिक तारांच्या वर हवेत निघून येतं आणि डाउनला ते तारांच्या मधे शिरतं. आता अप झाला की तू मोकळी, कुठल्याही तारेवर जा, उडी मारावीच लागत नाही कारण पिक आधीच वर आहे. म्हणजे तारेवरचा शेवटचा स्ट्रोक अप असला पाहिजे, इतकंच गणित. डाउनने सुरू करून दोन किंवा चार नोट्स असतील तर ते आपोआप जमतं. तीन असतील तर डाउन, अप आणि तिसरी हॅमर-ऑन, म्हणजे पिक न मारता डावं बोट आपटून, उतरताना तिसरी पुल-ऑफ, म्हणजे बोट ओढून सोडून. याला चीटिंग म्हणणारे भेटतील, त्यांना म्हणू दे. काही लोकांचा हात नैसर्गिकच उलटा चालतो, डाउनला पिक बाहेर निघतं, तुझा तसा असेल तर सगळं उलट कर. कुठला आहे ते बघायला मोबाईल उजव्या हाताच्या जवळ लावून स्लो मोशनमधे शूट कर, आपल्याला वाटतं एक आणि हात करत असतो भलतंच.

मेट्रोनोमचं ते 5-5 पण सोड थोडे दिवस. तू लहानपणी तबला शिकलीस म्हणालीस ना, मग आठव, तिथे लय पळवत नाहीत, ठेका तोच राहतो आणि बोल दुगुन चौगुन होतात. तसंच कर. मेट्रोनोम 70 ला ठेव. तीन मात्रा साध्या, मात्रेला दोन नोट्स, आणि चौथ्या मात्रेत एकदम आठ, आणि सरळ समेवर येऊन थांब. 70 ला मात्रेत आठ म्हणजे तुझं तेच 140 चं सिक्स्टीन्थ, फक्त एका मात्रेपुरतं. एवढ्याशा वेळात हात आवळायला सवड मिळत नाही आणि फास्ट हालचाल खरी कशी असते ते हाताला कळतं. ती एक मात्रा स्वच्छ आली की दोन कर. समेवर चुकलीस तर बाकी कितीही भारी वाजलं तरी ते धरायचं नाही.

गिटारवाला जॉन मॅक्लॉफलिन ऐकतेस का? त्याच्या शक्ती या बँडमधला ऐक, 1970 च्या दशकातला, शेजारी तबल्यावर झाकीरभाई, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, आणि याच्या हातात अकूस्टिक गिटार. चुका झाकायला डिस्टॉर्शनच नाही, तो इलेक्ट्रिकचा खरखरीत आवाज. समोर तबला असला की अर्धी नोट जरी मागे पडली तरी लगेच उघडं पडतं.

आता आवाजाचं. तुझ्या रेकॉर्डिंगमधे गेन, म्हणजे आवाज फाडणारं ते अँपचं बटण, इतका आहे की सगळ्या नोट्स एका उंचीच्या वाटतात, कुठली जोरात लागली कुठली दबली कळत नाही, आणि वर न वाजवलेल्या तारा गुणगुणतायत ते वेगळंच. क्लीनवर, गेन न लावता, वाजव म्हणजे असमानपणा दिसेल, मग गेन लाव म्हणजे कचरा दिसेल, दोन्ही लागतं. जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेने दाबून ठेवायच्या, तू जशी बारीक तारांकडे जाशील तसा तळवा पण खाली सरकला पाहिजे, तुझा पाचव्या तारेवरच बसून राहतो. बारीक तारा डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या खालच्या भागाने हलक्या टेकवायच्या, आणि बोटाचं टोक वरच्या जाड तारेला जेमतेम शिवलं पाहिजे. हे मात्र हळूच शिकायचं, इथे स्पीडचा काही संबंध नाही. अँप न लावता सराव करत असशील तर कमी कर, शेजाऱ्यांसाठी ठीक आहे पण ऐकू येत नाही म्हणून पिक जोरात मारायची सवय लागते.

तो पातळ लवचिक पिक फेकून दे. तो वाकतो, मग सुटतो, तेवढ्यात पुढची नोट आलेली असते. 1 एमएमच्या वरचा घे, आणि टोक बोटांतून थोडंसंच बाहेर. आणि पावसाळ्यात हवेने नेक, म्हणजे गिटारची मान, हलते, तारा वर आल्यात असं वाटलं तर आधी सेटअप करून घे, बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 2 एमएमच्या आसपास असली की पुरे. ट्रस रॉड, ती नेकच्या आतली सळई, स्वतः पिळत बसू नकोस.

आणि हे नीट वाच. कॉलेजच्या स्पर्धेआधी मी रोज पाच पाच तास कोपर आवळून वाजवलं, स्पीड हवा होता ना. स्पर्धेत पळालो, ड्रमरच्या चार पावलं पुढे, आणि नंतर दीड महिना चहाचा कप उचलताना कोपर दुखायचं. फास्ट वाजवताना खांदा वर गेला किंवा जबडा आवळला की तिथेच थांब. वीस मिनिटं वाजव, उठ, पाणी पी, परत ये. मुंग्या आल्या तर मला मेसेज नको करूस, डॉक्टरकडे जा.

रविवारपर्यंत मला एवढंच पाठव, 70 ला आठ मात्रा, क्लीन साउंड, आणि व्हिडिओ फक्त उजव्या हाताचा. सोलो नको पाठवूस.

दादा