प्रबलित, सलोह का सरळ आरसीसी?

एका ताईंनी विचारलंय, जुन्या दगडी पुलांच्या रुंदीकरणावरच्या लेखाचं भाषांतर चाललंय, काळ 1900 च्या आसपासचा, तर आरसीसीला (रीइन्फोर्स्ड सिमेंट काँक्रीट, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट) 'प्रबलित काँक्रीट' लिहू का 'सलोह काँक्रीट'?

माझं मत सलोह. बोलताना कोल्हापुरात हे दोन्ही कुणी म्हणत नाही, गवंड्यापासनं इंजिनिअरपर्यंत सगळे आरसीसीच, वर 'आरसीसी काँक्रीट' पण म्हणतात म्हणजे काँक्रीट दोनदा, चालतंय. प्रबलित म्हणजे बळ दिलेलं, खरं कशानं ते शब्द सांगत नाही. हल्ली फायबर घालूनसुद्धा बळ देतात म्हणून आजच्या पुस्तकाला तो ठीक आहे. त्या काळी मात्र अप्रूप लोखंडाचंच. मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्यानं 1867 ला आत लोखंडाची जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं, 1875 ला फ्रान्समधल्या शाझले इथं त्याच पद्धतीचा छोटा पूलही केला. जर्मन लोक याला आयझेनबेटॉन म्हणायचे, आयझेन म्हणजे लोखंड, म्हणजे आपलं सलोहच की. फ्रेंच शब्द बेताँ आर्मे, शस्त्रं चढवलेलं काँक्रीट! मला हा लै आवडतो, खरं 'सशस्त्र काँक्रीट' लिहिलंत तर लोक पन्हाळ्यावर शोधायला जातील.

शब्दात लोह का दिसावं ते रुंदीकरणातच कळतं. आपल्या पंचगंगेवरच्या शिवाजी पुलासारखी दगडी कमान दगडानं दगड दाबून उभी राहते, तिथं लोखंडाचं काम नाही. असा पूल रुंद करायचा तर एक सोपी रीत म्हणजे कठडे काढायचे, वर स्लॅब टाकून दोन्हीकडं बाहेर काढायचा, फूटपाथ त्या बाहेरच्या भागावर, जुनी सगळी रुंदी गाड्यांना, आणि नदीतल्या खांबांना हातही लावायला नको. आता हा बाहेर आलेला भाग वरच्या अंगाला ताणला जातो, काँक्रीट दाबाला पक्कं खरं ताणाला कच्चं, म्हणून सळी वरच पाहिजे. आमच्या घराचा स्लॅब ओतताना एक पोरगं गॅलरीच्या सळ्यांवर नाचत निघालं तर मिस्त्री केवढ्यांदा ओरडला, "आरं सळी दाबू नगंस, गॅलरी खाली यील!"

त्यावरनं आठवलं, लेखात कॅन्टिलिव्हर येणारच, तिथंही जड शब्द नको, 'गॅलरीसारखा बाहेर काढलेला स्लॅब' लिहा.