वॉशिंग्टन आडनावाचे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय कसे?

प्रश्न थोडक्यात असा : अटलांटाच्या ऑफिसात तुमच्याबरोबर तीन वॉशिंग्टन काम करतात, तिघेही कृष्णवर्णीय. सहा वर्षांत गोरा वॉशिंग्टन एकही भेटला नाही. म्हणजे हे सगळे जॉर्ज वॉशिंग्टनच्या गुलामांचे वंशज का? नावाचा ‘वॉशिंग’शी काही संबंध आहे का? आणि तिघांपैकी एक जण घराण्याचा शोध घेतायत, त्यांनी सुरुवात कुठून करावी?

धुण्याचा संबंध शून्य. वॉशिंग्टन हे मुळात गावाचं नाव आहे. इंग्लंडच्या ईशान्येला, संडरलंडजवळ, जुन्या डरहॅम परगण्यातलं गाव. जुन्या इंग्रजीत शेवटचा ‘टन’ म्हणजे वाडी किंवा शेतवस्ती, आणि त्याआधीचा भाग ‘ह्वासा’ किंवा तशाच उच्चाराच्या माणसाचं नाव. म्हणजे ‘ह्वासाच्या माणसांची वाडी’. हा ह्वासा कोण, याची कुठेही नोंद नाही. आपल्याकडेही कित्येक वाड्यांना ज्यांची नावं आहेत ती माणसं कोण होती, हे त्या वाडीतसुद्धा कोणाला ठाऊक नसतं. तसंच हे.

गावाचं आडनाव झालं बाराव्या शतकात. विल्यम द हार्टबर्न नावाच्या एका सरदाराने आपलं हार्टबर्न गाव डरहॅमच्या बिशपला दिलं आणि बदल्यात हे गाव घेतलं. बिशपच्या जमिनींची ११८३ साली मोजदाद झाली, तिच्या दप्तराला ‘बोल्डन बुक’ म्हणतात. त्यात ही अदलाबदल लिहिलेली आहे : वर्षाला चार पौंड भरायचे आणि बिशप मोठ्या शिकारीला निघाला की चार शिकारी कुत्री घेऊन हजर व्हायचं. गाव बदललं तसा विल्यम ‘द हार्टबर्न’चा ‘द वेसिंग्टन’ झाला.

मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. हा ‘द’ म्हणजे आपला ‘कर’. फरक एवढाच की आपल्याकडे चिपळूणकर हे नाव बहुधा चिपळूण सोडल्यावर चिकटतं, गावात असेपर्यंत सगळेच चिपळूणचे. विल्यमचं उलट होतं, गाव त्याच्या ताब्यात आलं म्हणून नाव आलं. त्यामुळे मला त्याचं नाव ‘कर’ पेक्षा वतनाच्या जास्त जवळचं वाटतं. आणि पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हे महत्त्वाचं आहे. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथ घराणी शेकड्यांनी उभी राहिली. एका गावाच्या मालकीवरून पडलेलं नाव मात्र एका घराण्याचं, त्याच्या शाखांचं. ते मुळातच दुर्मीळ राहतं. ससेक्समध्ये याच नावाचं आणखी एक गाव आहे, पण आपल्या कथेतलं कुटुंब डरहॅमचं.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. एक शाखा लँकशरमध्ये गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थम्प्टनला लोकरीच्या व्यापारात शिरला, १५३२ साली तिथला महापौर झाला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठ मोडीत काढून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा, १५३९ मध्ये, याने सल्ग्रेव्हची जमीन विकत घेतली आणि तिथे वाडा बांधला. तो वाडा आजही उभा आहे, दारावर कुटुंबाचं मानचिन्ह आहे : दोन आडवे पट्टे, वर तीन चांदण्या. वॉशिंग्टन डीसी शहराचा झेंडा पाहिलात तर हेच दिसेल. त्याच कुळातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समध्ये पर्ले गावचा धर्मगुरू होता. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, संसदेच्या बाजूच्या लोकांनी त्याला पदावरून काढलं. आरोप काय, तर हा सतत दारूच्या गुत्त्यात असतो. खरं कारण तो राजाच्या बाजूचा होता हेच असावं. घर बसलं आणि त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर चढून १६५७च्या सुमारास व्हर्जिनियात पोहोचला, तिथेच राहिला. जॉर्ज हा या जॉनचा पणतू, जन्म १७३२.

डरहॅममधल्या मूळ गावातला ओल्ड हॉल १९३६ मध्ये पाडायला निघाला होता. गावातल्या एका शाळामास्तरांनी धावपळ करून तो वाचवला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर त्या गावी येऊन गेले.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे १,६३,०३६ लोक होते, त्यांतले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. गोरे पाचेक टक्के. २०१० मध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण थोडं उतरून ८७ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याही प्रचलित आडनावात नाही. जेफरसन ७५ टक्क्यांवर, जॅक्सन ५३ वर. तुम्हाला सहा वर्षांत गोरा वॉशिंग्टन भेटला नाही यात नवल नाही.

हा आकडा वाचून बहुतेक जण (मीही पूर्वी) एकच निष्कर्ष काढतात : कृष्णवर्णीयांनी हे नाव फार मोठ्या संख्येने उचललं. पण जरा थांबून संख्या बघा. ९० टक्के म्हणजे साधारण एक लाख सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार माणसं. त्याच जनगणनेत स्मिथ होते २३,७६,२०६ आणि त्यांतले २२ टक्के कृष्णवर्णीय, म्हणजे सव्वापाच लाखांच्या घरात. कृष्णवर्णीय वॉशिंग्टनांच्या साडेतीनपट कृष्णवर्णीय स्मिथ! तरी स्मिथ हे ‘काळ्यांचं आडनाव’ असं कोणी म्हणत नाही, कारण शेजारी सतरा लाखांवर गोरे स्मिथ आहेत. गोरे वॉशिंग्टन किती? आठेक हजार. ते जर स्मिथांइतके असते तर तुमच्या ९० टक्क्यांचे आठ टक्के झाले असते आणि हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

माझं उत्तर म्हणून असं आहे की या आकड्यातलं अर्धं कोडं काळ्यांचं नसून गोऱ्यांचं आहे. मूळ एक घराणं, त्यातले समुद्र ओलांडून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सर्वांत प्रसिद्ध वॉशिंग्टनला स्वतःचं मूल नाही. त्याची बायको मार्था लग्नाआधी विधवा होती, तिची आधीच्या लग्नाची मुलं जॉर्जने वाढवली, पण आडनाव पुढे गेलं ते भावाबंदांकडून. छेदच लहान, म्हणून टक्केवारी एवढी चढते.

उरलेलं अर्धं कोडं : ही दीड लाख माणसं आली कुठून? जॉर्जच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवरच्या गुलामांपासून, असं सरसकट म्हणता येत नाही. १७९९ मध्ये जॉर्ज वारला तेव्हा तिथे ३१७ गुलाम होते. त्यांतले त्याच्या स्वतःच्या मालकीचे १२३. मोठा हिस्सा मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचा होता, त्यांना मोकळं करायचा अधिकार दोघांनाही नव्हता. मृत्युपत्राप्रमाणे त्याचे गुलाम मार्थाच्या पश्चात सुटायचे होते, तिने १ जानेवारी १८०१ ला आधीच सोडले. (तिच्या मरणावर शंभरावर माणसांची सुटका टांगलेली, अशा घरात तिला झोप कशी लागत असेल, हा विचार तिच्याही मनात आला असणार.) जॉर्जने स्वतः करवून घेतलेल्या यादीत बहुतेकांची नुसती नावं आहेत, आडनावं नाहीत. शे-सव्वाशे माणसांवरून सबंध दक्षिणेत पसरलेलं आडनाव उभं राहत नाही.

काही धागे मात्र खरेच त्या कुटुंबापर्यंत जातात, ते नाकारू नका. माउंट व्हर्नन पुढे पुतण्या बुशरॉडकडे आलं. तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, आणि त्याने १८२१ मध्ये ५४ गुलाम लुइझियानाला विकले. टेनेसीत जोसेफ वॉशिंग्टन नावाच्या नातलगाने १७९६ मध्ये तंबाखूचा मळा वसवला आणि त्याला नाव दिलं वेसिंग्टन, बोल्डन बुकातलं जुनं स्पेलिंग! १८६० मध्ये त्या एका मळ्यावर २७४ गुलाम होते, आणि त्यांच्या वंशजांत आजही वॉशिंग्टन आहेत. चार कुत्री घेऊन बिशपच्या शिकारीला जाणाऱ्या विल्यमचं नाव असं टेनेसीच्या तंबाखूच्या शेतापर्यंत पोहोचलं.

हॅरी वॉशिंग्टनबद्दल तर सांगितलंच पाहिजे. पश्चिम आफ्रिकेत गॅम्बियाच्या बाजूला जन्मलेला हा माणूस जॉर्जचा गुलाम. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, इंग्रजांनी आपल्या बाजूने येणाऱ्या गुलामांना मुक्तीचं आश्वासन दिलं आणि हॅरी पळाला. मालक स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी लढतोय आणि गुलाम स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या फौजेत! १७८३ मध्ये इंग्रजांनी न्यूयॉर्क सोडताना सोबत नेलेल्या कृष्णवर्णीयांची नोंदवही केली, तीत तो ४३ वर्षांचा म्हणून लिहिलेला आहे. पुढे कॅनडातलं नोव्हा स्कॉशिया, तिथून १७९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन, आणि १८०० साली तिथल्या गोऱ्या कारभाऱ्यांविरुद्ध कर भरण्यावरून उठाव झाला त्यात हा सामील. शिक्षा म्हणून हद्दपार. मला विचाराल तर वॉशिंग्टन हे नाव शेवटपर्यंत बंडखोराला शोभेल असं वागवलं ते हॅरीने.

इतरांनी नाव घेतलं ते अनेक वाटांनी. गुलामांना आडनाव नसतं हा मालकांचा समज होता. आपापसांत ती माणसं आडनावं वापरत, फक्त मालकाच्या वहीत ती चढत नसत. शिवाय वॉशिंग्टन हे एकोणिसाव्या शतकात पहिलं नाव म्हणूनही फार चालत होतं, गोऱ्यांत आणि काळ्यांतही. बापाचं नाव वॉशिंग्टन असलं की मुलाच्या पिढीत तेच आडनाव होऊन बसे. पुढे नावाजलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन हे ठळक उदाहरण. जन्म गुलामीत, १८५६ मध्ये. शाळेत हजेरी घेताना बाकी मुलं दोन-दोन नावं सांगतायत आणि आपल्याकडे एकच, हे लक्षात आल्यावर पाळी येईपर्यंत त्या पोराने मनात ठरवून टाकलं आणि गुरुजींना शांतपणे सांगितलं, ‘बुकर वॉशिंग्टन’. त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. आपलं आधीचं नाव टॅलिफेरो होतं हे त्याला आईकडून नंतर कळलं, मधला ‘टी’ तो. आत्मचरित्रात तो आणखी एक गंमत सांगतो : मुक्त झाल्यावर माणसं नुसतं नवं नाव घेत नसत, मध्ये एखादं अक्षरही घालत, जॉन एस. लिंकन असं. त्या ‘एस’चा अर्थ काही नाही. पण गोऱ्यांच्या नावात मधलं अक्षर असतं तर आपल्याही नावात हवं, तो आपला हक्क.

लिंकनवरून आठवलं. कृतज्ञतेने नावं घेतली असती तर सगळ्यांत जास्त लिंकन व्हायला हवे होते, नाही का? २००० मध्ये लिंकन आडनावाचे सारे मिळून १६,०७० आणि कृष्णवर्णीय त्यांत फक्त १४ टक्के. माझ्या मते याचा अर्थ असा की १८६५ मध्ये मुक्ती आली तेव्हा बहुतेकांकडे आपापसांतली आडनावं आधीच होती, त्यांनी ती फक्त कागदावर आणली. वॉशिंग्टन हे त्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांचं मोठं नाव होतं, लिंकन उशिरा आला.

आता तुमच्या सहकाऱ्यांसाठी. आजच्या पिढीपासून मागे मागे जात १८७० च्या जनगणनेपर्यंत यावं. पूर्वी गुलाम असलेल्या माणसांची नावं-आडनावं सरसकट नोंदवली गेली ती याच जनगणनेत पहिल्यांदा. (जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली ती यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे हे सगळं आपल्याकडे तेव्हाही वाचलं जात होतं.) १८७० च्या जोडीला फ्रीडमन्स बँकेच्या, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या बँकेच्या, खातेनोंदी बघायला सांगा. बँक १८७४ मध्ये बुडाली, पण खातं उघडताना आईबाप, भावंडं आणि कित्येकदा जुन्या मालकाचंही नाव लिहून घेत, त्यामुळे पैसे गेले तरी नातीगोती कागदावर राहिली. १८७० च्या मागे मात्र भिंत लागते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. तिथे वॉशिंग्टन शोधून उपयोग नाही. १८७० मध्ये ते कुटुंब ज्या परगण्यात सापडेल, तिथल्या मळेवाल्यांची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं काढावी लागतील, आणि त्या कागदांत फक्त पहिली नावं असतील. म्हणून आजी-आजोबांच्या पिढीकडून पणज्या-खापरपणज्यांची पहिली नावं जेवढी मिळतील तेवढी आत्ताच लिहून ठेवायला सांगा.