निकाल लागला, खटला कुठे चालला?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही मिळाली. सतरा कादंबऱ्यांवर सतरा अभिप्राय, आणि त्यांतल्या अकरांमध्ये 'टॉक्सिक' हा शब्द. मी मोजलेत. शब्दावर माझा राग नाही गं, पण तुझा निकाल लागलेला दिसतो, खटला कधी चालला तेच कळत नाही.

'ट्वायलाइट'चंच घे, बेला आणि एडवर्ड या व्हँपायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाचाची, प्रेमकथा. 'एडवर्ड टॉक्सिक, बेला मूर्ख', संपलं. मग त्या रात्रीच्या खोलीबद्दल का नाही लिहिलंस? बेला झोपलेली असताना तो तिच्या नकळत घरात शिरून तिला बघत बसायचा. हे कळल्यावर तिला राग यायला हवा, तिलाही ते समजतं, पण राग काही येत नाही. उलट ती मनातून सुखावते. माझ्या मते अख्खी कादंबरी त्या पानावर उघडी पडते. कारण सांगणारी बेलाच आहे. प्रेमात आकंठ बुडालेली सतरा वर्षांची मुलगी जे दाखवेल तेवढंच आपल्याला दिसतं, आणि तिला जे गोड लागतं ते वाचता वाचता आपल्यालाही गोड लागायला लागतं. मलाही लागलं होतं, आणि तेव्हा मी काही सतरा वर्षांची नव्हते!

आता गंमत बघ. पहिला भाग 2005 मध्ये आला. 2020 मध्ये स्टेफनी मेयर यांनी तीच गोष्ट 'मिडनाइट सन'मध्ये एडवर्डच्या तोंडून सांगितली. जीवशास्त्राच्या वर्गात तो पहिल्यांदा तिच्या शेजारी बसतो, तो प्रसंग दोन्ही पुस्तकांत आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाच. बेलाच्या पुस्तकात तो अंग चोरून बाकाच्या टोकाला सरकतो आणि ही बिचारी स्वतःच्या केसांचा वास घेऊन बघते, शांपूचा तर त्रास होत नाहीये ना याला? एडवर्डच्या पुस्तकात तेवढ्याच वेळात तो हिशेब करतोय, की हिचं रक्त प्यायचं तर साक्षीदार म्हणून सगळ्या वर्गाला मारावं लागेल. बाक तेच, तास तोच. यावर दोन पानं लिहिलीस तर 'टॉक्सिक' हा शब्द लिहायची गरजच पडणार नाही.

म्हणून कुठलीही प्रेमकथा हातात घेतलीस की आधी बघ, सांगतंय कोण. आपली 'शाळा' घे. नववीतला जोशी सांगतो, आपण त्याच्या डोळ्यांनी शिरोडकरला बघतो आणि तिच्या प्रेमात पडतो. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी मी तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला थेट कधीच कळत नाही. जोशी लपवत नाही, त्यालाच कुठे ठाऊक आहे? ती हसली की तो त्याचा अर्थ लावत बसतो, आणि त्याच्याबरोबर आपणही. ट्वायलाइटमध्ये मला जे खटकलं तेच इथे आवडलं. का, ते तू शोध आणि मला कळव. माझं उत्तर मी राखून ठेवलंय.

दोघांच्याही डोळ्यांनी आळीपाळीने बघायचं असेल तर 'एलेनॉर अँड पार्क' घे. 1986 सालचं अमेरिकेतलं ओमाहा शहर, शाळेची बस, नाइलाजाने एका सीटवर बसलेली दोन मुलं. बोलणं नाही, ओळखही नाही. तो कॉमिक वाचतोय आणि ती तिरक्या नजरेने वाचतेय, हे त्याच्या लक्षात येतं. मग तो कॉमिक जरा जास्त उघडून धरतो आणि तिचं वाचून होईस्तोवर पान उलटत नाही. बास, एवढंच. कबुलीजबाबाची पानंच्या पानं मी विसरलेय, हे विसरले नाही. (पार्कची, म्हणजे त्या मुलाची, आई कोरियन आहे, आणि त्या घराचं चित्रण काही आशियाई वाचकांना अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणंही वाच. पुस्तक आवडलं म्हणून कान बंद करायचे नसतात.)

'द फॉल्ट इन अवर स्टार्स'वर तू फक्त 'रडले' लिहिलंस. बरं. मीही रडले. पण कॅन्सर झालेल्या नायिकेने, हेजलने, घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनला फिलिप असं नाव ठेवलंय, ते तुझ्या वहीत कुठेच नाही. आमच्या वाचनालयातल्या एका जुन्या कादंबरीच्या समासात कुणीतरी लिहिलं होतं, 'इथे फार रडू आलं.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मला नाही.' मला दोघांशीही बोलायचं होतं, पण बोलणार कशावर? दोघांनीही दार लावून घेतलेलं.

वही परत पाठवतेय. शेरे पेन्सिलने मारलेत, पटले नाहीत तर खोड. आधी ट्वायलाइट नव्याने लिही, बाकीच्या सोळांची घाई नाही. आणि येताना 'शाळा' घेऊन ये. माझी प्रत 2009 पासून तुझ्या आईकडे आहे, विचारलं की म्हणते, 'अगं, वाचतेय.'

तुझी,
मावशी