बारावीनंतर रॉक बँड? आधी डावा हात तयार होऊ द्या

ताई, सप्रेम नमस्कार.

सांगलीहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला, हार्मोनियमवर गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली. आता त्याला रागदारी आणि प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) एकत्र करायचंय. त्याचे बाबा वालचंदच्या इंजिनिअरिंगवर ठाम आहेत, गुरुजी म्हणतात हात बिघडेल, आणि तुम्ही विचारताय, हे खूळ तर नाही ना?

मुळीच नाही. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड लहानपणी शास्त्रीय पियानोच शिकले. त्यांनी १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपल्या बँडला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर बसवलं, तेही संगीत स्वतः लिहून. आपल्याकडचं उदाहरण हवं तर तबलावादक झाकीर हुसेन आणि ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांचा 'शक्ती' ग्रुप त्याला ऐकवा. ही सगळी माणसं आपापल्या विद्येत पक्की होती, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या अंगणात जाता आलं.

तुमच्या मुलाकडे लय आहे. सात मात्रांची रचना नवख्या रॉकवाल्याला मोजून बसवावी लागते, याच्या अंगात सात मात्रांचा रूपक ताल आधीच मुरलेला असणार. अडचण डाव्या हाताची. हार्मोनियमवर तो हात वर्षानुवर्षं भाताच मारतो. कीबोर्डवर त्याच हाताला बेस (खालचे स्वर) आणि कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) सांभाळायचे असतात. आणि कॉर्ड नुसते पाठ करून भागत नाही. मालकंस रागात पंचम वर्ज्य. षड्जावरचा नेहमीचा कॉर्ड धरला की पंचम आलाच आणि राग गेला. पण मध्यम, कोमल धैवत, षड्ज हा कॉर्ड चालतो. कोमल धैवत, षड्ज, कोमल गंधार हाही चालतो. असं प्रत्येक रागात शोधत बसणं, हेच तर त्याचं खरं काम असणार आहे! गुरुजींनाही हे वाजवून दाखवायला सांगा, त्यांची निम्मी काळजी मिटेल.

आता शिक्षणाचं. इंजिनिअरिंगची त्याला स्वतःला ओढ असेल तरच वालचंद. बाबांच्या समाधानासाठी चार वर्षं घालवू नयेत. नाहीतर पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी करावी. सोबत पियानो आणि स्टाफ नोटेशनचा (पाश्चात्त्य स्वरलिपीचा) शिक्षक लावावा, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत थिअरीच्या परीक्षा द्याव्यात. गांधर्वची मध्यमानंतरची विशारद अजिबात सोडू नये. शिकवण्या सुरू करायला ती उपयोगी पडते, आणि पहिली काही वर्षं घर शिकवण्यांवर आणि स्टुडिओच्या कामावर चालेल, बँडवर नाही. हे त्याच्या बाबांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

बोर्डाची परीक्षा होईपर्यंत नवा कीबोर्ड घेऊ नका. आहे त्यावर रोज अर्धा तास फक्त डावा हात. परीक्षा संपली की मालकंसातली पाच मिनिटांची एक रचना रेकॉर्ड करून मला पाठवायला सांगा. ती ऐकून पुण्यात कोणाकडे शिकावं ते कळवेन.