वर्डची फाइल कोणत्या आवृत्तीत तयार झाली, हे कसं ओळखायचं?

भाडेकराराचा मसुदा २००९ साली टाइप केला असं घरमालक म्हणतात, आणि त्यांनी पाठवलेली डॉकएक्स फाइल खरंच तेव्हाची आहे का, हे तुम्हाला पाहायचंय. मी डीटीपीचं काम करतो, लेखकांच्या जुन्या फाइली रोज उघडतो, म्हणून सांगतो: बरंच कळतं, पण सगळं नाही.

आधी फाइलची प्रत काढा. मूळ फाइल वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका, नाहीतर खुणा पुसल्या जातील. डॉकएक्स म्हणजे मुळात झिप फाइल. प्रतीच्या नावाच्या शेवटी डॉकएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत डॉकप्रॉप्स फोल्डरमध्ये ॲप नावाची एक्सएमएल फाइल असते, ती नोटपॅडमध्ये वाचा. ॲपव्हर्जनपुढे १२ असेल तर वर्ड २००७, १४ म्हणजे २०१०, १५ म्हणजे २०१३. (१३ हा आकडा मायक्रोसॉफ्टने वगळला.) १६ दिसला की मात्र पंचाईत: २०१६, २०१९, २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५, सगळ्यांचा आकडा तोच. लिब्रेऑफिस असेल तर ते स्वतःचं नाव लिहितं.

पण हा आकडा फाइल शेवटची कुणी सेव्ह केली ते सांगतो, पहिल्यांदा कुणी केली ते नाही. २००९ ची फाइल परवा उघडून सेव्ह केली तरी १६ येईल. तेवढ्यावरून घरमालकांना खोटं ठरवू नका.

त्यापेक्षा त्याच झिपमधल्या वर्ड फोल्डरमधली सेटिंग्ज फाइल बघा. त्यात कम्पॅटिबिलिटीमोड (फाइल वर्डच्या कोणत्या आवृत्तीच्या पद्धतीने चालते, तो आकडा) १२ असेल, किंवा ती ओळच नसेल, तर फाइलचा जन्म जुन्या वर्डमधला असण्याची शक्यता बरीच. नवं वर्ड जुनी फाइल सेव्ह करताना हा आकडा सहसा तसाच ठेवतं, कुणी मुद्दाम 'कन्व्हर्ट' केलं तरच बदलतो. १५ दिसलं तर फाइल २०१३ किंवा नंतरच्या वर्डमध्ये बनलीय किंवा कन्व्हर्ट झालीय.

फॉन्टही बघा. पाकिस्तानात २०१७ मध्ये नवाझ शरीफ यांच्या कन्या मरियम नवाझ यांच्या फेब्रुवारी २००६ ची तारीख असलेल्या ट्रस्टच्या कागदावर कॅलिब्री फॉन्ट दिसला आणि संशय बळावला, कारण तो सर्वांच्या हाती आला २००७ मध्ये, ऑफिसबरोबर. तुमच्या करारात ॲप्टॉस फॉन्ट असेल, तर तो वर्डचा नेहमीचा फॉन्ट झाला २०२३ मध्ये. म्हणजे त्या मजकुराला नंतर हात लागलाय.

शक्य असेल तर त्या काळी हा मसुदा ज्या ईमेलने गेला, तो ईमेलच मागा. त्यातली जोडलेली फाइल पुन्हा सेव्ह झालेली नसते.